सल्ला हवा: मराठी भाषासाधनांची यादी 'ऑसम'मध्ये टाकायची आहे

तिरफळ
लोकहो, मराठीसाठी उपयोगी मुक्त साधनांची एक यादी मी दोन वर्षं गिटहबवर (कोड ठेवायची साइट) सांभाळतेय. फॉन्ट, कीबोर्ड, शब्दसंग्रह, लायब्रऱ्या, सगळं. ९४ नोंदी झाल्यात, माझ्याशिवाय ११ जणांनी भर घातलीय. आता ती सिंद्रे सोरहुस यांच्या मूळ 'ऑसम' यादीत (२०१४ पासूनची ती याद्यांची यादी) जावी अशी इच्छा आहे. नियमावली वाचली आणि दडपणच आलं. या वाटेने कोणी गेलंय का? आधी काय उरकू? रेपोची (यादीच्या गिटहबवरच्या जागेची) लिंक प्रोफाइलमध्ये आहे.

खटाटोपी
मी गेलोय, आपटून आलोय. पीआरच्या (बदल घ्या म्हणून पाठवायच्या विनंतीच्या) सूचना शेवटपर्यंत वाचल्याची खूण म्हणून कमेंटमध्ये 'युनिकॉर्न' एवढा एकच शब्द लिहायचा असतो. मी अर्ध्यातच वाचणं सोडलं होतं. चूक माझीच.

आधी ऑसम-लिंट (यादी नियमांत बसते का ते तपासणारं टूल) चालवा. वर्णनाशेवटी पूर्णविराम नाही, एकच लिंक दोनदा आलीय, असलं सगळं तो पकडतो. गिटहब ॲक्शन्समध्ये (अशी कामं आपोआप चालवायची सोय) लावणार असाल तर एक खाच आहे. यादी किमान ३० दिवसांची हवी, आणि लिंट तिचं वय कमिटच्या (नोंदवलेल्या बदलांच्या) इतिहासावरून काढतो. चेकआउट (रेपोची प्रत आणणारी पायरी) मात्र नुसती शेवटची कमिट आणतं. फेच-डेप्थ शून्य (म्हणजे सगळा इतिहास) ठेवा, नाहीतर तुमची दोन वर्षांची यादी कालची ठरेल.

आणि हो, दुसऱ्यांचे किमान दोन पीआर तपासावे लागतात. 'छान आहे' चालत नाही, चुका दाखवाव्या लागतात.

चिंचोका
लायसन्स एमआयटी दिसतंय. ते कोडसाठीचं, तिथे चालणार नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सपैकी हवं, शक्यतो सीसी-झिरो (सगळे हक्क सोडून देणारं). पण मजकूर ११ जणांचा आहे, तेव्हा परस्पर बदलू नका. एक इश्यू (रेपोवरचा चर्चेचा धागा) उघडा आणि प्रत्येकाचा होकार घ्या.

कंदील
यादी उघडून पाहिली. राग मानू नका ताई, पण माळा झालाय तिचा. जे हाती लागलं ते वर टाकलंय.

नुसते फॉन्टच ३१. त्यात युनिकोड नसलेले जुने डीटीपीचे फॉन्टही आहेत, आणि ते मुक्तही नाहीत. आज ॲप करायला बसलेल्या पोराला मुक्ता, बलू, नोटो, लोहित दिले तरी त्याचं काम होतं. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर मात्र काढू नका, छापखान्यातल्या जुन्या फायली उघडणाऱ्याला तेच लागतात.

मुक्ताची ओळ बघा (मूळ इंग्रजीत आहे, मी मराठीत देतोय):
'अतिशय सुंदर व लोकप्रिय फॉन्ट, नक्की वापरा!'
यातून कळलं काय? त्याऐवजी:
'एक टाइपचा देवनागरी-लॅटिन फॉन्ट, सात वजनांत, ओएफएल परवान्याखाली.'

लिंट पहिल्या ओळीलाही पास करेल. मैत्रिणीने फोन करून 'एकच सांग' म्हटलं तर जिचं नाव घ्याल ती नोंद ठेवा. मेंटेनरने सोडून दिलेले, अर्काइव्ह झालेले रेपो तर नियमानेच बाद.

अवांतर: लायचीने (रस्टमधलं ते लिंक तपासणारं टूल) सगळं हिरवं दाखवलं म्हणून निवांत बसू नका. तुमची ४१ वी नोंद, तो शब्दकोश, त्याचं डोमेन कुणीतरी उचललंय. पान २०० (म्हणजे 'सगळं ठीक') देतं, पण आत रमी चालू आहे.

तिरफळ
अरे देवा, रमी! 😳
कंदीलदादा, पटतंय. पण काढायला हात धजत नाही हो. ज्याने हौसेने टाकलं त्याला काय सांगायचं?

चिंचोका
कॉन्ट्रिब्यूटिंगच्या (भर घालणाऱ्यांसाठीच्या नियमांच्या) फाइलमध्ये निकष आधीच लिहून ठेवा, मग नकार तुमचा राहत नाही. ऑसम-सेल्फहोस्टेडने (स्वतःच्या सर्व्हरवर चालवायच्या सॉफ्टवेअरची यादी) सरळ नियम केलाय: पहिलं रिलीज होऊन चार महिने झाल्याशिवाय नोंद नाही. तुम्ही काहीही ठेवा, पण लिहून ठेवा. २०२० चा हॅक्टोबरफेस्ट (पीआर पाठवा, टीशर्ट मिळवा असा ऑक्टोबरातला उपक्रम) आठवतोय ना? टीशर्टसाठी लोकांनी रीडमीत एकेक शब्द बदलून पीआरचा पाऊस पाडला होता. शेवटी त्याच महिन्यात आयोजकांना रेपोंचा सहभाग ऐच्छिक करावा लागला.

खटाटोपी
+१. आणि कमिटच्या संदेशात काढण्याचं कारण लिहा. पुढच्या वर्षी तीच नोंद घेऊन कोणीतरी येतंच.

तिरफळ
पोच देते. तीन रविवार गेले. ९४ वरून ५७. लिंट एकदाचा गप्प झाला. रमी गेली. एकाने 'माझा कीबोर्ड का काढला' विचारलं, त्याला निकषांची लिंक दिली तर तोच म्हणाला, बरोबर आहे, मीच आता वापरत नाही.

लायसन्स अडलंय. ११ पैकी ९ जणांचा होकार आला. दोघांच्या ईमेल परत आल्या.

चिंचोका
त्या दोघांच्या ओळी किती उरल्यात?

तिरफळ
चार.

चिंचोका
मग काढा आणि त्या साधनांची वर्णनं स्वतःच्या शब्दांत नव्याने लिहा. त्यांच्या ओळींकडे न बघता.