लहानपणच्या मारहाणीचे परिणाम मोठेपणी: उपचार कुठून सुरू करावेत?

उंबरठा:
जवळच्या एका व्यक्तीसाठी विचारते आहे. वय ३२. पहिली चार-पाच वर्षं घरात दारू आणि रोजची मारहाण. त्यातलं नीट काही आठवत नाही. पण कडी जोरात वाजली की छातीत धस्स होतं, कोणी आवाज चढवला की शब्द फुटत नाही, रात्री तीनला जाग येते. घरचे म्हणतात, "जुनं काय उगाळत बसायचं?" सायकियाट्रिस्टकडे जावं की काउन्सेलरकडे? आणि आठवतच नसेल तर उपचार कशावर करणार?

सुकाणू:
आठवत नाही यात नवल नाही. वयाच्या तीन वर्षांच्या आतले प्रसंग जवळपास कोणालाच आठवत नाहीत, कारण प्रसंग साठवणारा मेंदूचा भाग तोवर पुरता घडलेला नसतो. भीती शिकणारा भाग मात्र फार आधी कामाला लागतो. म्हणून प्रसंग पुसला जातो, पण कडीच्या आवाजाची धास्ती राहते.

उपचाराला आठवणी खणून काढाव्या लागत नाहीत. आज काय होतं, कशाने होतं, एवढं पुरतं. दोन आठवडे वही ठेवायला सांगा: वेळ, आधी काय घडलं, अंगात कुठे जाणवलं, त्रास १० पैकी किती, किती मिनिटांत ओसरलं. पहिल्या भेटीत ही वही तासाभराच्या बोलण्याइतकी उपयोगी पडते.

संमोहनाने 'दबलेल्या आठवणी' काढून देतो म्हणणाऱ्याकडे कृपा करून पाठवू नका. सुचवण्यातून खोट्या आठवणी तयार होतात आणि त्या खऱ्यांइतक्याच पक्क्या वाटतात.

दीपमाळ:
कोणाकडे, ते सांगते. सायकियाट्रिस्ट म्हणजे मानसोपचारात एमडी किंवा डीपीएम (पदविका) झालेला डॉक्टर. औषध तोच देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे (बोलण्यातून उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ) आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी लागते, तिचा क्रमांक बेधडक विचारा. 'काउन्सेलर' ही पाटी मात्र कोणीही लावू शकतं, म्हणून शिक्षण विचारा. अपॉइंटमेंट घेतानाच विचारायचं: ट्रॉमासाठी (मनावरच्या आघातासाठी) कोणती पद्धत वापरता? उत्तरात ट्रॉमावर बेतलेली सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणारी पद्धत) किंवा ईएमडीआर (प्रसंग मनात आणून डोळे डावी-उजवीकडे हलवायची पद्धत) आलं आणि तिचं प्रशिक्षण कुठे घेतलं हे सांगता आलं, तर पुढे जा.

एकाच अपघाताच्या धक्क्याला ८ ते १२ सेशन पुरू शकतात. वर्षानुवर्षं सोसलेल्याला बरेच जास्त लागतात. आयसीडी-११ मध्ये (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) याला 'कॉम्प्लेक्स पीटीएसडी' (आघातानंतरच्या त्रासाचा गुंतागुंतीचा प्रकार) हे वेगळं निदान आहे: धास्ती, टाळाटाळ आणि प्रसंग पुन्हा घडतोय असं वाटणं, शिवाय भावना न आवरणं, स्वतःला कवडीमोल समजणं, नात्यांत टिकता न येणं. निदान डॉक्टरांनाच करू द्या.

औषधाबद्दल: सर्ट्रालिनसारख्या (नैराश्य आणि धास्तीवरच्या) गोळीचा गुण यायला ४ ते ६ आठवडे लागतात. बरेच जण दहाव्या दिवशी "फरक नाही" म्हणून सोडतात. झोपेसाठी अल्प्राझोलाम ही शांत करणारी गोळी महिनोन्‌महिने घेऊ नये, सवय लागते. आधीच चालू असेल तर एकदम थांबवू नका. डॉक्टर हळूहळू कमी करतात.

खर्च झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयातली मानसोपचार ओपीडी. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन (१४४१६) मोफत आहे, २४ तास चालतं, मराठीतही बोलता येतं.

सुकाणू:
यात एक भर. पहिल्याच सेशनला "सगळं सविस्तर सांगा" म्हणणारा नको. आधी झोप आणि भीती आवरायचे मार्ग, मग आठवणी. नाहीतर माणूस उसवतो आणि परत जात नाही.

पायवाट:
इथे थोडा मतभेद. स्थिर होण्याच्या नावाखाली सहा-सहा महिने नुसते श्वासाचे व्यायाम चालतात आणि मूळ कामाला हातच लागत नाही, हेही तितकंच वाईट. ती पायरी प्रत्येकाला लांबलचक लागते असं नाही. चौथ्या-पाचव्या सेशनला "पुढचा टप्पा कोणता, कधी?" असं विचारावं.

धस्स होईल त्या क्षणी: डोळे उघडे ठेवायचे, पाय जमिनीला टेकवायचे, समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायची, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा. डोळे मिटून ध्यान करायचा सल्ला सगळे देतात, पण काहींना त्यात जुनं अधिकच उसळतं. दहा दिवसांच्या मौन शिबिराला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाठवू नका.

मरावंसं वाटतं असं बोलून गेली, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. एकटं सोडू नका, १४४१६ लावा किंवा थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या.

उंबरठा:
आभार. वही आजच देते. घरच्यांना काय सांगू?

दीपमाळ:
"का झालं" यावर वाद घालू नका. तीन कामं सांगा: कडी हळू लावा, मागून येऊन हात लावू नका, सेशनला काय बोलणं झालं ते विचारू नका.