मदत हवी आहे: अक्षरांतून शब्द काढायचा, उद्या सकाळपर्यंत

नेरची_ताई
नमस्कार मंडळी. घाईत आहे. उद्या तान्हा पोळा, पोरांच्या लाकडी बैलांचा सण. गावातल्या मंडळानं पोरांसाठी कोडं ठेवलं. सहा अक्षरांतून शब्द काढायचा: क, न, म, र, स. पोरगी दोन तासांपासून पाटी पुसून राहिली, लाकडी बैलाची झूल अर्धीच शिवून पडली. लवकर सांगा, लाईन कधी जाईल भरवसा नाही.

पराटीवाला
ताई, मोजून पाहा. पाचच लिहिली.

दारव्हेकर
काना-मात्रा सुटी धरता येते का? सगळं त्यावर आहे. आम्ही शाळेत अक्षर मात्रेसकट अख्खं धरायचो. 'गरम'चं 'मगर', 'मका'चं 'काम', 'जवस'चं 'सजव'.

नेरची_ताई
काना राहिला लिहायचा. त्याची वेगळी चिठ्ठी आहे, नुसती उभी रेघ.

दारव्हेकर
मग कुठंही चिकटवा. कमान, मकान, मानक. तिन्ही त्याच चार चिठ्ठ्यांचे.

पराटीवाला
नकार, समान, नरम, कसर.

नेरची_ताई
हे सगळे तिनं लिहिले हो. सहाही चिठ्ठ्या लागल्या पाहिजेत!

दारव्हेकर
हे आधी सांगायचं ना जी.

कोडवाला_भौ
कायले डोकं खाजवता? सहा चिन्हांच्या मांडण्या 720. कम्प्युटरवर पायथन भाषेत चार ओळींचं काम, शब्दयादीशी ताडून पाहतो.
झालं. एकही शब्द नाही. कोडंच चुकलं.

मोर्शीची_आजी
माह्या नातवाले इंग्रजी स्क्रॅबल आणून दिला. बट्स नावाच्या अमेरिकन माणसानं 1938 मध्ये काढला म्हणे. त्यात क्यू ले 10 गुण. पोरीले तोच घेऊन द्या.

पराटीवाला
आजी, उद्या सकाळी पाह्यजे तिले.
ताई, 720 मांडत बसू नका. शेपूट धरा. 'कार'नं संपणारे शब्द ढीगभर आहेत: सत्कार, चमत्कार, आकार. तो मागं ठेवा, उरले न, म, स.

कोडवाला_भौ
'नमसकार'? 'समनकार'? भाऊ, माझ्या 720 मध्ये हे सगळं येऊन गेलं.

दारव्हेकर
जोडाक्षर चालते का ताई?

नेरची_ताई
कागदावर खाली बारीक लिहिलं आहे, 'एकाचा पाय मोडावा लागेल'. मला वाटलं बैलाची गंमत केली.

दारव्हेकर
अहो ताई! 'स'चा पाय मोडा. आणि धाग्यातला तुमचा पहिला शब्द वाचा.

कोडवाला_भौ
कम्प्युटरच्या युनिकोडात पायमोड हे वेगळं चिन्ह असते. म्हणजे सहा नाही, सात झाले. माझ्या मांडणीत येणारच नव्हता. पायमोड कोणी सांगितला होता मले?

पराटीवाला
कोडंच चुकलं कोण म्हणे?

नेरची_ताई
पोरगी लोळून हसून राहिली. लाईन गेली, मोबाईलच्या उजेडात झूल शिवतो आता.

मोर्शीची_आजी
बोजारा, म्हणजे बैल घेऊन आलेल्या पोरांची ओवाळणी, किती देऊन राहिले तुमच्याकडं यंदा?