एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या गच्चीवर जाताना लांब रांग कशी टाळावी?

जाईजुई :

नमस्कार. जून महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन मी न्यू जर्सीत राहणाऱ्या धाकट्या भावाकडे जाणार आहे. बाबांच्या शाळेच्या दिवसांत एम्पायर स्टेट बिल्डिंग ही जगातील सर्वांत उंच इमारत होती आणि भूगोलाच्या तासाला तिची उंची पाठ करावी लागे. न्यूयॉर्कमध्ये दुसरे काही दाखवले नाही तरी चालेल, पण तिच्या ८६व्या मजल्यावर एकदा उभे राहायचे आहे, असा त्यांचा आग्रह आहे. अडचण आईची आहे. तिचे गुडघे दुखतात आणि वीस मिनिटांपेक्षा अधिक वेळ तिला एका जागी उभे राहता येत नाही. बरोबर आठ वर्षांचा भाचाही असेल आणि त्याच्या सहनशक्तीची मर्यादा आईपेक्षाही कमी आहे.

भावाचे म्हणणे असे की, सर्वांसाठी एक्सप्रेस तिकिटे काढून मोकळे व्हावे. मात्र साध्या तिकिटाच्या तुलनेत त्यांची किंमत बरीच जास्त आहे आणि आम्ही पाच जण आहोत. एवढे पैसे मोजल्यावर खरोखरच कोठेही थांबावे लागत नाही का? बाबांना तेथून सूर्यास्त पाहायची इच्छा आहे, ती वेळ गर्दीच्या दृष्टीने कशी असते? आणि १०२व्या मजल्याचे वेगळे तिकीट घ्यावे का? ज्यांनी स्वतः अनुभव घेतला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गवाक्ष :

मी काही वर्षे मॅनहॅटनमध्ये राहत होतो आणि भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याबरोबर मला वर जावे लागत असे, त्यामुळे या विषयात माझा अधिकार थोडा नाइलाजाने आलेला आहे.

सर्वप्रथम हे लक्षात घ्यावे की तेथे रांग एक नसते. तिकिटाची रांग, सुरक्षा तपासणीची रांग, ८०व्या मजल्यापर्यंत नेणाऱ्या लिफ्टची रांग, तेथून ८६व्या मजल्यावर जाणाऱ्या दुसऱ्या लिफ्टची रांग आणि वर गेल्यावर खाली उतरण्याची रांग, अशा निदान पाच ठिकाणी माणूस खोळंबू शकतो. या पाचांपैकी कोणती रांग कशाने कमी होते, हे वेगवेगळे पाहिले म्हणजे पैसे कोठे खर्च करावेत हे आपोआप कळते. दिवस व वेळ निश्चित करून ऑनलाइन तिकीट काढले की पहिली रांग पूर्णपणे टळते आणि त्यासाठी साधे तिकीटही पुरते. एक्सप्रेस तिकिटाचा उपयोग लिफ्टच्या रांगांत पुढे जाण्यासाठी होतो. सुरक्षा तपासणी मात्र कोणालाही चुकत नाही. विमानतळावर असते तशी सामानाची क्ष-किरण तपासणी प्रत्येकाची होते. गच्चीच्या कठड्यापाशी तीन-तीन माणसे एकामागे एक उभी असतील, तर तेथे महागडे तिकीट दाखवून पुढे जाता येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

आता वेळेविषयी. सूर्यास्ताची वेळ ही सर्वांत वाईट असते आणि त्यामागे साधे गणित आहे. दुपारी वर गेलेला माणूस अर्ध्या-पाऊण तासात चारही दिशा पाहून उतरतो आणि तेवढीच माणसे खालून वर सोडता येतात. सूर्य मावळण्यापूर्वी तासभर आलेला माणूस मात्र सूर्य मावळला तरी हलत नाही, कारण शहराचे दिवे लागताना पाहिल्याशिवाय त्याचे पैसे वसूल होत नाहीत. त्यामुळे गच्ची भरलेलीच राहते, खालच्या लिफ्टपाशी माणसे साचत जातात आणि अंधार पडल्यावर सगळे जण एकदम उतरू लागल्याने परतीची रांगही तुंबते. जूनच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये सूर्य साधारण साडेआठला मावळतो, म्हणजे सायंकाळी सात ते दहा हा काळ आपण टाळावा. शिवाय मागणी अधिक असल्याने त्या वेळेचे तिकीटही महाग असते. एकच काम करायचे असेल, तर मंगळवार ते गुरुवार यांपैकी एका दिवसाचे, गच्ची उघडते त्या पहिल्या वेळेचे साधे तिकीट काढावे आणि दिलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटे आधी दारात असावे. उघडण्याच्या वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून त्या इमारतीच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहाव्यात.

दाराविषयीही एक सूचना करतो. छायाचित्रांमध्ये दिसणारे भव्य प्रवेशद्वार पाचव्या अ‍ॅव्हेन्यूवर आहे, पण २०१८ पासून गच्चीवर जाणाऱ्यांसाठी ३४व्या रस्त्यावर, २० वेस्ट या क्रमांकाशी, वेगळे प्रवेशद्वार आहे. चुकीच्या दारापाशी जाऊन मग कोपरा वळून येण्यात आईंची दमछाक व्हायला नको. परिसरात पदपथावर तिकिटे विकणारे लोक भेटतात. त्यांच्याशी बोलण्यात वेळ घालवू नये, आपले तिकीट आधीच मोबाइलमध्ये असले म्हणजे झाले.

रात्रपाळी :

गवाक्ष यांचे विश्लेषण पटले, परंतु सकाळचा त्यांचा आग्रह मला थोडा एकांगी वाटतो. उन्हाळ्यात गच्ची रात्री उशिरापर्यंत उघडी असते आणि शेवटच्या तास-दीड तासात मुलाबाळांची कुटुंबे परतलेली असल्याने गर्दी बरीच ओसरते. मी दोन्ही वेळा गेलो आहे आणि रात्रीचे दृश्य मला अधिक भावले. अर्थात त्यात उणीवही आहे, ती लपवत नाही : सेंट्रल पार्क हा काळा आयत दिसतो आणि हडसन नदी कोठे संपते व न्यू जर्सी कोठे सुरू होते, हे केवळ दिव्यांवरून ओळखावे लागते. भूगोल पाठ केलेल्या माणसाला नकाशा दिवसाउजेडी पाहायचा असेल, तर सकाळच योग्य.

एक्सप्रेस तिकिटाबाबत माझे मत असे की, त्याचे मूल्य रांगेच्या लांबीवर ठरते. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात किंवा सुट्टीच्या शनिवारी सायंकाळी त्याचा खरा उपयोग होतो. मंगळवारी सकाळी पहिल्या फेरीत पुढे काढण्यासाठी समोर रांगच नसेल, तर आपण पाच जणांचे पैसे रिकाम्या जागेला देता.

ढगांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. एकदा एका शहरातील अशाच उंच मनोऱ्याचे तिकीट मी महिनाभर आधी काढले, एकाही रांगेत पाच मिनिटांहून अधिक थांबलो नाही आणि वर जाऊन तासभर पांढरा कापूस पाहिला. रांग नव्हती याचे कारण तेव्हा उमगले. जूनमध्ये न्यूयॉर्कची हवा दमट असते, दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो आणि विजा असतील तेव्हा उघडी गच्ची बंदही ठेवतात. आपला मुक्काम आठवडाभराचा असेल, तर दोन-तीन दिवसांचा अंदाज पाहून मगच तिकीट काढावे. आधी काढायचेच असल्यास वेळ बदलता येईल असा पर्याय आहे का, हे अटींमध्ये वाचून घ्यावे. रात्री वादळी पाऊस पडून गेल्यावर वाऱ्याची दिशा बदलून येणारी सकाळ मिळाली, तर मात्र ती सोडू नये, कारण तेव्हा हवा धुतल्यासारखी होते.

सावकाश :

जाईजुईताई, मी गेल्या वर्षी सत्तरी ओलांडलेल्या सासू-सासऱ्यांना घेऊन गेले होते, म्हणून केवळ आईंच्या गुडघ्यांपुरते लिहिते.

चाकाच्या खुर्चीचा संकोच करू नका. इमारतीत सगळीकडे लिफ्टने जाता येते आणि ८६व्या मजल्याची गच्चीही चाकाच्या खुर्चीने फिरण्याजोगी आहे. हलकी, घडीची खुर्ची भावाच्या ओळखीत कोणाकडे मिळाली तर ती न्यावी, म्हणजे रांग वीस मिनिटांची असो की चाळीस, आईंना ती बसूनच काढता येईल. दारातच कर्मचाऱ्यांना आईंच्या अडचणीची कल्पना द्यावी. ८०व्या मजल्यावर दुसऱ्या लिफ्टपाशी गर्दी असेल, तर उरलेले सहा मजले जिन्याने चढून जाण्याचा पर्याय कधीकधी सुचवला जातो. भाच्याला तो आवडेल, पण आपण सगळे त्या भरात जिन्याकडे वळू नका. त्या मजल्यावर इमारतीविषयीचे प्रदर्शन आहे आणि खिडक्यांतून शहरही दिसते. वर वारा फार असला, तर आईंना तेथेच थोडा वेळ रेंगाळता येईल.

सामान जितके कमी, तितकी तपासणी लवकर. मोठ्या बॅगा ठेवून घेण्याची तेथे सोय नाही, काचेच्या बाटल्या व कॅमेऱ्याची तिवई चालत नाही. आमच्याकडे घोळ झाला तो वेगळ्याच वस्तूमुळे. सासऱ्यांच्या कनवटीच्या पिशवीत अडकित्ता होता आणि तो नेमका कशासाठी असतो, हे तपासणीच्या यंत्रासमोर इंग्रजीत समजावून सांगेपर्यंत मागची माणसे माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती, ती मी विसरलेली नाही. लांबलेल्या रांगेत कधीकधी आपलाही हातभार असतो. घरातून निघतानाच सर्वांच्या पिशव्या एकदा रिकाम्या करून पाहा.

उघड्या गच्चीची उंची ३२० मीटर आहे, त्यामुळे खाली उकाडा असला तरी एक शाल बरोबर असू द्या. न्यू जर्सीहून पाथ रेल्वेने ३३व्या रस्त्याच्या स्थानकावर उतरलात, तर तेथून चालण्याचे अंतर थोडेच आहे. गाडी घेऊन येण्याचा मोह भावाला होईल, तो त्याला आवरू दे.

जाईजुई :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बुधवारी सकाळची पहिली वेळ आणि साधे तिकीट, असे जवळजवळ ठरले आहे, खुर्चीचीही चौकशी सुरू केली आहे. दोन गोष्टी राहिल्या. सूर्यास्त हातचा गेला म्हणून बाबा किंचित खट्टू झाले आहेत आणि १०२व्या मजल्याचा निर्णय अजून होत नाही.

गवाक्ष :

१०२वा मजला ३८१ मीटरवर आहे, म्हणजे गच्चीहून ६१ मीटर उंच. पण तो काचबंद आणि लहानसा गोल कक्ष आहे. १९३१ साली इमारत पूर्ण झाली तेव्हा तिच्या माथ्यावर हवाई जहाजे (विमाने नव्हेत, तर वायूने भरलेली, फुग्यासारखी तरंगणारी वाहने) दोराने बांधून ठेवावीत आणि प्रवाशांनी तेथे उतरावे अशी कल्पना होती, ती वाऱ्यामुळे प्रत्यक्षात उतरली नाही. मूळ योजना अशी असल्याने जागा अरुंद आहे, वेगळी लिफ्ट आहे, अर्थात एक वेगळी रांगही आली. आपल्या बाबांना उघड्यावर उभे राहून वारा अंगावर घ्यायचा आहे, तो ८६व्या मजल्यावरच मिळतो. माझ्या मते आईंना आणखी एकदा ताटकळत ठेवण्याइतके त्या ६१ मीटरांत काही नाही. भाच्याचे मत वेगळे असू शकते.

सूर्यास्तासाठी त्याच दिवशी सायंकाळी हडसनच्या पलीकडे, होबोकन किंवा वीहॉकनच्या नदीकाठी जावे. तेथे बाके आहेत आणि तिकीट नाही. सूर्य आपल्या पाठीमागे मावळतो आणि समोरच्या मॅनहॅटनच्या काचा काही मिनिटे तांबूस सोनेरी होतात. एम्पायर स्टेटच्या गच्चीवरून शहरातील सगळे दिसते, फक्त एम्पायर स्टेट दिसत नाही. ती येथून बाबांना पूर्ण दिसेल. मिडटाउनच, म्हणजे ही इमारत आहे तो मॅनहॅटनचा मधला भागच, तेवढा समोर हवा असेल, तर वीहॉकनचे हॅमिल्टन पार्क अधिक सोयीचे.

जाईजुई :

हे बाबांना वाचून दाखवले. बाके आहेत म्हटल्यावर आईने प्रथमच या बेतात रस घेतला. बाबांची एकच शंका आहे : चित्रातले पाचव्या अ‍ॅव्हेन्यूचे दार पाहायचे राहून जाईल का?

सावकाश :

मुळीच नाही. खाली उतरल्यावर कोपऱ्यावरून वळलात की ते दार समोरच येते. ते पाहायला कोणतीही रांग लागत नाही.