शब्दचर्चा: बंदूक कंपन्यांशी सरकारचं 'सहकार्य' की आणखी काही?

तिरकमठा:
एका लेखाचं काम हातात आहे. विषय अमेरिकेतला, बंदुकीपायी होणारे मृत्यू कमी व्हावेत म्हणून तिथल्या सरकारनं बंदूक बनवणाऱ्या कंपन्यांना सोबत घेऊन काय काय केलं हा. सगळीकडे 'सहकार्य' लिहीत सुटलोय आणि आता वाचताना तो शब्द फारच गुळगुळीत वाटतोय. उदा. 'मार्च २००० मध्ये क्लिंटन सरकार आणि स्मिथ अँड वेसन यांच्यात सहकार्याचा करार झाला'. चालेल का? शिवाय 'गन व्हायलन्स'ला बंदूकहिंसाचार लिहिलंय, तिथे जीभ अडखळते.

पिंपळपान:
सहकार्य कसलं हो! न्यू ऑर्लिन्स, शिकागो वगैरे बऱ्याच शहरांनी १९९८ पासून कंपन्यांवर दावे लावलेले, वर केंद्राचं गृहनिर्माण खातंही डिसेंबर १९९९ मध्ये आम्हीपण कोर्टात जातो म्हणून दंड थोपटून उभं राहिलेलं, अशा वेळी डोक्यावर टांगती तलवार (बंदुकीच्या धाग्यात तलवार, असो) ठेवून जी सही होते तिला मराठीत तडजोड म्हणतात. आम्ही दावा लावत नाही, तुम्ही ६० दिवसांत प्रत्येक पिस्तुलाबरोबर कुलूप द्या, २ वर्षांत कुलूप आतच बसवून द्या, सहज खोडता येणार नाही असा दुसरा लपवलेला नंबर टाका, असा तो सौदा होता.
सहकार्य म्हणायचंच तर ऑक्टोबर १९९७ ला म्हणा. तेव्हा ८ कंपन्यांनी व्हाइट हाऊसमध्ये येऊन, आम्ही आपण होऊन कुलपं देऊ असं कबूल केलं होतं.

खटपट_खटका:
तिरकमठा, कोण बोलतंय त्यावरही शब्द ठरतो. बंदूकवाल्यांच्या गोटात २००० च्या कराराला सरळ फितुरी मानलं गेलं. बंदूक बाळगणाऱ्यांच्या बड्या संघटनेनं, नॅशनल रायफल असोसिएशननं टीकेची झोड उठवली, गिऱ्हाइकांनी बहिष्कार टाकला, दुसरी कुठलीच मोठी कंपनी सहीला पुढे आली नाही. ब्रिटिश मालकांनी १९८७ मध्ये ११ कोटी डॉलरच्या वर मोजून घेतलेली स्मिथ अँड वेसन २००१ मध्ये दीड कोटी डॉलर आणि कर्जाचा बोजा एवढ्यावर विकली. नंतर सरकार बदललं आणि करार कागदावरच राहिला. मग याला 'फसलेला तह' का म्हणू नये?

पिंपळपान:
तह दोन राजांमध्ये. इथे एक राजा आणि एक दुकानदार.

शेवाळ:
बंदूकहिंसाचार नकोच. आकड्यांविषयी बोलत असाल तर 'बंदुकीचे बळी' लिहा, कारण तिथे बंदुकीनं मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात आणि 'हिंसाचार' म्हटलं की वाचकाच्या डोळ्यासमोर फक्त गोळीबार येतो. घरातल्या कुलपाचा उपयोग तर जास्त करून लहान मुलांच्या हातून होणारे अपघात आणि आत्महत्या यांच्यासाठीच, म्हणजे शब्द चुकला की कुलपाचा मुद्दाच वाहून जातो.
आणि ट्रिगर लॉकला प्लीज 'ट्रिगर लॉक' ठेवू नका, 'चापाचं कुलूप' इतका सरळ शब्द आहे. गंमत बघा, चाप ओढला की गोळी सुटते आणि चाप लावला की गोष्ट थांबते, एकाच शब्दात दोन्ही. त्यामुळे 'सरकारने गोळीबाराला चाप लावला' असं मात्र लिहू नका, हसतील लोक.

तिरकमठा:
😀 लिहिलं होतं, खोडलं. अजून एक अडलंय. 'स्ट्रॉ पर्चेस', म्हणजे ज्याला बंदूक मिळू शकत नाही त्याच्यासाठी दुसऱ्यानंच आपल्या नावावर घ्यायची. तोतया खरेदी?

खटपट_खटका:
तोतया दुसऱ्याचं सोंग घेतो. हा स्वतःच्याच नावानं, स्वतःच्याच खऱ्या ओळखपत्रावर घेतो, फक्त फॉर्मवर 'खरा खरेदीदार मीच' असं खोटं लिहितो. बेनामी खरेदी! अगदी फिट बसतं. २०२२ च्या कायद्यानं हा आता तिथे स्वतंत्र केंद्रीय गुन्हा आहे, आधी बरीचशी प्रकरणं फॉर्मवरच्या खोटेपणाच्या कलमांत चालायची.

पिंपळपान:
बेनामी म्हटलं की आधी जमीन आणि काळा पैसा आठवतो, पण पहिल्यांदा अर्धी ओळ समजावून सांगितलं तर चालेल. आणि बघा, तुमचा 'सहकार्य' इथे शोभतो. २००० पासून केंद्राचं बंदुका-दारूगोळा बघणारं खातं आणि बंदूक उद्योगाची संघटना मिळून दुकानदारांना असा गिऱ्हाईक ओळखायचं ट्रेनिंग देतात, 'दुसऱ्यासाठी खोटं बोलू नका' अशा अर्थाची मोहीमच आहे. तिथे कुणी कुणाला कोर्टाची धमकी दिलेली नाही.

तिरकमठा:
म्हणजे १९९७ आणि ही मोहीम सहकार्य, मार्च २००० तडजोड. आणि २००५ च्या केंद्रीय कायद्याचं काय? परवानाधारक दुकानदारानं पिस्तुलाबरोबर कुलूप दिलंच पाहिजे हे त्या कायद्यानं सक्तीचं केलं, आणि त्याच कायद्यानं कंपन्यांना बहुतेक दाव्यांपासून संरक्षणही दिलं.

शेवाळ:
देवाणघेवाण लिहा. घेवाण कुणाची जास्त ते वाचक ठरवतील.