मुलांना इंग्रजी स्वतःहून शिकायची सवय कशी लावावी?

शाईपेन: तालुक्याच्या कॉलेजात एफवायला इंग्रजी शिकवते. वर्गात साठ मुलं, बहुतेक मराठी माध्यमातली. राज्यात 2000 पासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, तरी पहिल्या तासाला प्रश्न ठरलेला: "मॅडम, गाइड कुठलं घ्यायचं?" मी आठवडाभर रजेवर होते, तर कुणी पुस्तक उघडलं नव्हतं. मुलं आळशी नाहीत हो, काहीजण पहाटे दूध घालून कॉलेजला येतात. आपलं आपल्याला शिकता येतं हे त्यांना कुणी दाखवलेलंच नाही. लॅब नाही, मोबाइल बहुतेकांकडे आहेत. कुणी काही करून पाहिलंय का?

रानजाई: मुलांनी आपल्या शिकण्याच्या नोंदी करायची वही सुरू करा. डेन्मार्कमध्ये लेनी डॅम या शिक्षिकेने शाळेतल्या मुलांकडून अशा वह्या लिहून घेतल्या. मी शनिवारी तीनच ओळी लिहून घेते: काय केलं, कुठे अडलं, पुढच्या आठवड्यात काय करणार. पहिला महिनाभर सगळ्यांचं एकच, "शब्द पाठ केले". धीर धरा. लाल पेन अजिबात लावू नका, खाली एखादा प्रश्न तेवढा लिहा. माझी एक विद्यार्थिनी बीबीसीचं 'सिक्स मिनिट इंग्लिश' ऐकायची, मग त्याच विषयावर मिनिटभर बोलून मोबाइलवर रेकॉर्ड करायची. नंतर साइटवरची संहिता समोर धरून स्वतःचं बोलणं ऐकायची. एकदा वहीत आलं: "मी तीनदा 'आय अ‍ॅम अ‍ॅग्री' म्हणाले. ते लोक नुसतं 'आय अग्री' म्हणतात." वर्गात हे मी कितीदा सांगितलं होतं! तिला सापडलं तेव्हाच ते सुटलं.

घाटमाथा: वहीला माझं अनुमोदन, पण एकदम सगळं सोपवू नका. भाषाशिक्षणाचे अभ्यासक आन्री होलेक यांनी 1981 मध्ये युरोप परिषदेसाठी स्वतःहून भाषा शिकण्याची जी मांडणी केली, तिच्यात ध्येय ठरवण्यापासून प्रगती तपासण्यापर्यंत सगळं शिकणाऱ्याच्या हाती आहे. आपली मुलं एवढ्याने बुजतात. आधी तीन उतारे देऊन एक निवडायला सांगा आणि तोच का, हे विचारा. पुढच्या सत्रात गृहपाठ त्यांनाच ठरवू द्या. आणि वहीला गुण ठेवू नका, मी ठेवले तर वह्याही एकमेकांच्या बघून लिहिल्या.

शाईपेन: गुणांचं बरं सांगितलंत, मी ठेवणारच होते. या शनिवारी वह्या वाटते. मराठीत लिहिलं तर चालेल ना?

रानजाई: बिनधास्त. कुठे अडलं ते आधी खरं खरं लिहू देत. माझ्याकडे दिवाळीनंतर निम्म्याजणांनी आपणहून इंग्रजीत लिहायला घेतलं.