बँकांनी रोखे वाढवले म्हणजे धंदा थंडावला का?

टिळकवाडीकर
बाजार कसा आहे हे समजायला लोक शेअर बाजार बघतात. मी रिझर्व्ह बँकेचा पंधरवड्याचा तक्ता बघतो. वाणिज्य बँकांच्या ठेवी, कर्जं आणि सरकारी रोख्यांतली (म्हणजे सरकारला उसन्या दिलेल्या पैशांतली) गुंतवणूक त्यात एकाखाली एक असते. एसएलआर १८ टक्के आहे, म्हणजे ठेवी वगैरे देण्यांपैकी एवढा हिस्सा रोखे, सोनं, रोकड यांत ठेवणं सक्तीचंच. बँका त्याच्या कितीतरी वर रोखे घेऊन बसल्या आणि कर्जं रेंगाळली, की समजावं: एकतर मागणारा नाही, नाहीतर बँक द्यायला बिचकतेय. काय वाटतं?

उद्यमबागवाला
मागणारा नाही म्हणे! मी सीसी लिमिट (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी लागेल तसे उचलायच्या कर्जाची मर्यादा) वाढवून मागितली तर मॅनेजर म्हणाले, तारण दाखवा. माझी फौंड्री भाड्याच्या शेडमध्ये, तारण कुठनं आणू? हातात ऑर्डर होती, पिग आयर्न उधारीवर उचललं. आणि तुम्ही तक्ता बघून म्हणणार, मागणी थंडावली.

टिळकवाडीकर
अहो, दुसरं कारण तेच लिहिलंय की. बिचकणारी बँक.

उद्यमबागवाला
मग दोन्हीतलं कुठलं ते आकडा सांगतो काय? नाही ना. औषध दोन्हीचं वेगळं आहे.

निपाणीकर
आकडा त्याहून जास्त फसवतो. नोव्हेंबर २०१६ घ्या. नोटाबंदीत ठेवींचा लोंढा आला. रिझर्व्ह बँकेनं आधी वाढीव ठेवींवर १०० टक्के सीआरआर (रिझर्व्ह बँकेकडं रोख ठेवायचा हिस्सा) लावला, मग बाजारातला पैसा शोषायला खास रोखे काढले. त्या योजनेची मर्यादा ३० हजार कोटींवरून थेट ६ लाख कोटी केली. बँकांकडचे रोखे फुगले ते त्यामुळं. त्या दिवसांत धंदा मंद होताच, पण रोख्यांचा फुगवटा मंदीनं आलेला नव्हता. १९९० च्या सुमारास एसएलआर ३८.५ टक्के होता, तेव्हा तर रोखे धरणं हा सरकारचा हुकूमच. नियम, ठेवी, व्याजदर, तिन्ही बाजूला काढल्याशिवाय ह्या आकड्याला काही अर्थ नाही.
आणि रोखे कमी झाले म्हणजे धंदा सुधारला असंही नाही हं. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेनं सुमारे २१ अब्ज डॉलरचे रोखे विकले, १.८ अब्जांचा तोटा सोसून, कारण ठेवीदार पैसे काढालते. व्याजदर वाढले की जुन्या रोख्यांची किंमत पडते, तिथं सापडली ती. दोन दिवसांत बँक बुडाली.

खानापूरची
निपाणीकर, पटलं. पण मोसमही बघा की. आपल्या पट्ट्यात गाळप सुरू झालं की कारखाने साखर तारण ठेवून पैसे उचलतात, कारण ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) द्यायची असते. पावसाळ्यात कर्जाची उचल मंदावते, ते पैसे रोख्यांत जातात. जुलैचा आकडा मार्चशी ताडून मंदी आली म्हणून ओरडणारे मी पाहिलेत. गेल्या वर्षीच्या त्याच पंधरवड्याशी ताडा.

टिळकवाडीकर
मोसमाचं मान्य. २०१६ चंही. पण एप्रिल २०२० नंतर काय झालं? रोखे धरायची नवी सक्ती नव्हती, उलट एसएलआर कमी होत होत १८ वर आला होता. तरी बँकांनी सक्तीपेक्षा पुष्कळ जास्त रोखे धरले, आणि कर्जवाढ सुस्त. तिथं तर आकडा खरं बोलला?

निपाणीकर
लॉकडाऊन होता वो! शटर बंद आहेत हे कळायला तक्ता कशाला लागतो?

संकेश्वरचा
एक राहिलंच. हा तक्ता वाणिज्य बँकांचा. आमच्याकडं निम्मा व्यवहार सोसायट्या आणि पतसंस्थांतून होतो. माझ्या चुलत्यानं ट्रॅक्टरचं डिझेलसुद्धा सोसायटीच्या पैशावर भरलं. ते कुठल्या रकान्यात?

टिळकवाडीकर
त्या तक्त्यात नाही. पण संस्थांकडचा शिल्लक पैसा जिल्हा बँकेत जातो आणि तिथून रोख्यांतही. तेवढा दुवा कोणी शोधला तर मला वाचायला आवडेल.

उद्यमबागवाला
शोधा. तोवर मी सोसायटीच्या चेअरमनला भेटून येतो.