मदत हवी आहे: फंगल सायनसचं ऑपरेशन झालं, पॉलिप (नाकातले मऊ फुगवटे) परत आले

मोठ्या भावाला अ‍ॅलर्जिक फंगल सायनस आहे, दुर्बिणीतून ऑपरेशन झालं तेव्हा डिंकासारखा चिवट तपकिरी शेंबूड निघाला होता. बायोप्सीत बुरशी टिश्यूत शिरलेली नाही, म्हणजे कोविडवाली काळी बुरशी नव्हे. आता वास येणं परत बंद झालं, पॉलिप दिसतायत, आयजीई (रक्तातलं अ‍ॅलर्जीचं प्रमाण दाखवणारी तपासणी) वाढलंय. मिठाच्या पाण्याने नाक धुणं, स्टिरॉइड स्प्रे रोज चालूच आहे. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी बरं वाटतं पण शुगर आहे ना, लगेच चढते. दमा नाही. बुरशी नको म्हणून कूलरच्या ताट्याही काढल्या, नागपुरात मे महिन्यात म्हणजे बघा! डॉक्टर म्हणतात नाक धुण्याच्या पाण्यात ब्युडेसोनाइड (हेही स्टिरॉइडच) टाकून बघू, नाहीतर परत ऑपरेशन. शुगर असलेल्या कोणी हे बरेच महिने केलंय का, शुगर वाढली का आणि दुसरं ऑपरेशन टळलं का?